कोल्हापूरच्या घरातला उन्हाळा: कॅलेंडर, वही, फोन की पांढरा फळा?

२० एप्रिल ते १४ जून. २०२६ च्या उन्हाळ्याचे हे बरोबर आठ आठवडे, सोमवारी सुरू होऊन रविवारी संपणारे. सुरुवातीला पोरांच्या परीक्षा उरकत आलेल्या असतात आणि शेवटाला शाळेची घंटा वाजायच्या बेतात असते. मधल्या छप्पन्न दिवसांत लग्नं, गावाकडची म्हाई (जत्रा), वर्षाची चटणी, पापड-कुरडया, पै-पाहुणे, छंदवर्ग आणि जमलंच तर कोकणातली एखादी फेरी, एवढं सगळं बसवायचं असतं. बसवताना सगळ्यात आधी दिवस जातात ते घरच्या बाईचे. ते कुणी मागूनही घेत नाही, आपोआप जातात. म्हणून या परीक्षणाची कसोटी एकच ठेवली आहे. ‘हा दिवस दिलेला आहे, आता मागू नका’ हे जे साधन घरातल्या प्रत्येकाला न बोलता सांगतं, ते चांगलं. जे फक्त मालकालाच दिसतं ते कितीही देखणं असो, या कामाला ते कमी पडतं.

सुरुवात भिंतीवरच्या कालनिर्णयपासून, कारण ते बहुतेक घरांत आधीच टांगलेलं असतं. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेली ही दिनदर्शिका तिथी, सण, संकष्टी यांच्यासाठी लागतेच, आणि यंदा तर जरा जास्तच लागेल. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नं लावत नाहीत, त्यामुळं उन्हाळ्यातली लग्नसराई १७ मेच्या आत दाटणार. एप्रिलचे शेवटचे दहा दिवस आणि मेचा पहिला पंधरवडा यांत एकेका दिवशी दोन-तीन पत्रिका येतील असं धरूनच चाला. १७ मेनंतर लग्नं थांबतील आणि धोंड्याचे जावई सुरू होतील. हे आत्ता कळलं तर उन्हाळ्याचे सरळ दोन भाग पाडता येतात, आणि कोकणात किंवा माहेरी जायचं ते दुसऱ्या भागात ढकलता येतं.

नियोजनाचं साधन म्हणून मात्र तिथीच्या दिनदर्शिकेत दोन उणिवा आहेत. चौकोन आधीच भरलेला असतो, त्यात दुधाचा आकडा आणि गॅसची तारीख लिहिली की संपलं. दुसरी उणीव मोठी. एप्रिल, मे, जून ही तीन वेगळी पानं आहेत. २७ एप्रिलला कुरडयांसाठी भिजवलेला गहू ३ मेला वाळत असतो आणि तो पानाच्या पलीकडं असतो. पान उलटेपर्यंत पुढचा महिना मोकळाच वाटतो, आणि मोकळा वाटतो म्हणून माणूस पत्रिका देणाऱ्याला ‘येतो की’ म्हणून बसतो. तेव्हा कालनिर्णय बघायला ठेवा, लिहायला दुसरं काहीतरी घ्या.

प्लॅनर वह्यांबद्दल थोडक्यात. जानेवारीपासून तारखा छापलेली वही एप्रिलात घेतली तर तिसरा हिस्सा कोराच राहतो, म्हणून घ्यायचीच झाली तर तारखा नसलेली घ्या. एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला ती पुरते. चार माणसांच्या घरात ती कपाटात राहते, आणि कपाटातली वही बघून कुणी आपला बेत बदलत नाही. गुगल कॅलेंडरचंही तसंच. मुलगा पुण्यात, मुलगी मुंबईत असेल तर ‘कुटुंब’ नावाचं एक वेगळं कॅलेंडर करून सगळ्यांना शेअर करावं, म्हणजे कोण कधी येणार याचा घोळ होत नाही. पण घरातल्या सासूबाई ते उघडणार नाहीत, आणि पाहुण्यांचे निम्मे फोन त्यांनाच येतात.

उरला पांढरा फळा. आमचा कौल त्यालाच.

तीन फूट बाय दोन फूट, म्हणजे साधारण ९० बाय ६० सेंटिमीटर, आडवा लावायचा. दीड बाय दोन फुटी फळा स्वस्त मिळतो, पण त्यावर आठ आठवडे बसवले की चौकोनात एकच शब्द मावतो. मेलामाइनचा साधा फळा आठ आठवड्यांना पुरेसा आहे. पत्र्यावर सिरॅमिकचा लेप असलेला, चुंबक चिकटणारा फळा महाग पडतो, पण वर्षानुवर्षं स्वच्छ पुसला जातो. दरवर्षी वापरणार असाल तर तोच घ्या.

आखणी अशी करा. डावीकडं ८ सेंटिमीटरचा पट्टा आठवड्याच्या तारखांना. मग १० सेंटिमीटरचे सात रकाने, सोमवार ते रविवार. उरलेला १२ सेंटिमीटरचा उजवा पट्टा वेगळ्या कामाचा आहे, त्याचं पुढं सांगतो. वर ६ सेंटिमीटर वारांची नावं, खाली ६ सेंटिमीटरच्या आठ ओळी, तळाला ६ सेंटिमीटरचा पट्टा. चौकटीमुळं आतली मापं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कमी भरतात, ती कडेच्या पट्ट्यांतून कापा, चौकोनांतून नको. १० बाय ६ च्या चौकोनात तीन ओळी नीट मावतात, आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त गोष्टी लिहायच्याच नसतात.

रेघा बारीक टोकाच्या परमनंट मार्करनं मारायच्या आणि दहा मिनिटं वाळू द्यायच्या. मजकूर व्हाइटबोर्ड मार्करनं. म्हणजे पुसताना मजकूर जातो, रेघा राहतात. उन्हाळा संपल्यावर रेघा काढायच्या तर त्यांच्यावरूनच व्हाइटबोर्ड मार्कर फिरवा आणि ओलं असतानाच पुसा. त्यातल्या द्रावकानं परमनंट शाई सुटते. न निघालेली सॅनिटायझरच्या बोळ्यानं निघते. तारेच्या घासणीनं मात्र कधीच घासू नका. बारीक ओरखड्यांत शाई बसते आणि फळा कायमचा करडा होतो.

कुठं लावायचा हे मापाइतकंच महत्त्वाचं. स्वयंपाकघरात गॅसजवळ लावला तर फोडणीच्या वाफेचा तेलकट थर बसतो आणि त्यावर मार्कर उठत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला तर दुपारच्या उन्हात शाई भाजून घट्ट होते आणि पुसताना सावली राहते. लाल शाईची तर हमखास. सोप्यात (बाहेरच्या खोलीत), चपला काढून आत आल्यावर समोर दिसेल अशी भिंत निवडा. पाहुण्यालाही तो दिसला पाहिजे, कारण अर्धं काम तिथंच होतं.

आता भरण्याचा क्रम. बहुतेक घरांत फळा आणला की पहिल्या संध्याकाळी जो तो मार्कर घेतो, चाळीस गोष्टी लिहिल्या जातात, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच्याकडं कुणी बघत नाही. मार्कर एकाच्या हातात असावा आणि क्रम ठरलेला असावा.

पहिल्यांदा उजव्या पट्ट्यात वरती तीन गोष्टी लिहा. या उन्हाळ्यात बाकी काहीही झालं नाही तरी ज्या झाल्याच पाहिजेत, अशा तीन. त्या तपासता येतील अशाच शब्दांत हव्यात. ‘पोरांना वेळ देणे’ असं लिहिलं तर ते झालं की नाही हे कोण ठरवणार? ‘मंगळवार-शुक्रवार, सकाळी सहा, पोरांबरोबर रंकाळ्याला फेरी’ असं लिहा. ‘आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी’ असं लिहा. ‘दुपारी दोन ते चार कुणीही कुणाला उठवायचं नाही’ हीसुद्धा तीनातली एक होऊ शकते, आणि बहुतेक घरांत ती व्हायला हवी. चौथी गोष्ट सुचली तर आधीच्या तीनांतली एक पुसावी लागेल. हा नियम ढिला केला की फळ्याची नुसती कामांची यादी होते.

मग हिरव्या मार्करनं प्रत्येक मोठ्या माणसाचा आठवड्यातला अर्धा दिवस. घरच्या बाईचा सगळ्यात आधी. हा अर्धा दिवस कशासाठी ते लिहायचं नाही. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचं (१८५० पासूनची ही संस्था आहे, सुटीत वर्गणी भरून बघाच), मैत्रिणीकडं जायचं की पंखा लावून झोपायचं, हे ज्याचं त्यानं बघावं. कारण लिहिलं की त्या कारणाचं मोल सुरू होतं: ‘नुसतं वाचायलाच तर जायचंय, मग आज जरा थांब की.’

तिसरा नंबर न हलणाऱ्या तारखांचा: ऑपरेशन, परीक्षा, घरातलं लग्न. चौथा वाळवणाचा. लांबची लग्नं आणि पाहुणे सगळ्यात शेवटी.

वाळवण लग्नांच्या आधी का? कारण त्याचे खरे दिवस कुणी मोजत नाही. कुरडया घ्या. सगळ्यांच्या डोक्यात तो ‘एका सकाळचा’ कार्यक्रम असतो. गहू तीन रात्री भिजतो आणि रोज पाणी बदलावं लागतं, नाहीतर आंबूस वास धरतो. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं कुरडया पाडायच्या. मग दोन-तीन दिवस कडक ऊन. एकूण सात दिवस, आणि त्यांतले निदान दोन दिवस बाई घर सोडू शकत नाही. फळ्यावर हे असं दिसतं: सोमवारी २७ एप्रिलला रात्री ‘गहू भिजत’, मंगळवार-बुधवार ‘पाणी बदल’, गुरुवारी ‘चीक’, शुक्रवारी १ मे ‘कुरडया, सगळ्यांनी गच्चीवर’, शनिवार-रविवार ‘वाळत’. १ मे ही महाराष्ट्र दिनाची सुटी आहे, सोऱ्या दाबायला हात मिळतात, म्हणून तो दिवस धरायचा. सातही चौकोनांतून निळी रेघ ओढा. ती रेघ बघितल्यावर गुरुवारच्या साखरपुड्याला ‘दोघंही येतो’ असं तोंडातून निघत नाही.

चटणीचंही तसंच. मिरची निवडून देठं काढायची, दोन दिवस उन्हं द्यायची, खोबरं-मसाले भाजायचे, मग डंकावर (मिरची कुटायच्या गिरणीत) नंबर लावायचा. एप्रिल-मेत डंकावर गर्दी असते. नंबर कधी मिळेल ते आधी विचारून तोच दिवस पक्का धरा आणि बाकीचं उलटं मोजत या. आणि यंदा धोंड्याच्या वाणाला तेहतीस अनारसे करायचे असतील तर पीठ आठ-दहा दिवस आधी सुरू करावं लागतं: तांदूळ तीन दिवस भिजवणं, पंच्यावर सुकवणं, कुटणं, गुळात मळून मुरत ठेवणं. ज्या घरात मेचा पहिला पंधरवडा लग्नांनी खाल्लेला आहे, त्यांनी पीठ सरळ विकत आणावं. त्यात कमीपणा काही नाही.

दर आठवड्याला एक चौकोन फुली मारून कोरा ठेवा. हा वळवाचा. दुपारी ढग भरून आले की वाळवण गोळा करावं लागतं आणि काम एक दिवस पुढं जातं. पुढं जायला जागा नसेल तर ते कुणाच्या तरी हिरव्या अर्ध्या दिवसात घुसतं. वळीव नाहीच आला तर तो दिवस कुणालाच द्यायचा नाही. म्हाईसाठीही असेच दोन चौकोन तुटक रेघेनं आखा, कारण गावची तारीख उशिरा कळते आणि मटणाचं जेवण चुकवलेलं भावकी विसरत नाही.

उजव्या पट्ट्याच्या खालच्या भागाचं नाव ‘थांबलेलं’. फोनवर आलेलं कुठलंही आमंत्रण, मागणी, ‘दोन दिवस पोरं ठेवता का’, हे सगळं आधी तिथं जातं. जागच्या जागी होकार कुणीच द्यायचा नाही, घरातल्या कर्त्यानंसुद्धा. रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांनी उभं राहून त्यातलं काय चौकोनात जातं आणि काय पुसलं जातं ते ठरवायचं. लग्नांसाठी एक साधी पायरी आधीच ठरवून ठेवली तर वाद होत नाही: सख्ख्यातलं असेल तर सगळे आणि हळदीपासून, भावकीतलं असेल तर दोघं अक्षतेला, ओळखीचं असेल तर एकजण आहेर देऊन परत. एका दिवशी दोन लग्नं असतील तर घर वाटून घ्यायचं, एकाच माणसाला दोन्हीकडं पळवायचं नाही.

नाही म्हणायचं कसं, यावर फळ्याचा खरा उपयोग कळतो. आपल्याकडं ‘बघू, जमलं तर येतो’ हा होकारच समजला जातो, आणि मग न गेल्याचा राग दुप्पट येतो. त्यापेक्षा काय करणार आणि काय नाही, दोन्ही एकाच दमात सांगा. ‘मामा, अक्षतेला आम्ही दोघं हजर आहे. जेवायला मात्र थांबणार नाही, घरात चीक शिजायचाय.’ कारण खरं आहे, भिंतीवर लिहिलेलं आहे, आणि कुणी घरी आलं तर दिसतंही. खोटं कारण सांगू नका. संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसवर तुम्ही रंकाळ्यावर भेळ खाताना दिसता. पोरांना बोलवतानाही दोन तारखा सांगायच्या, यायची आणि जायची. ‘वहिनी, पोरांना ११ ला पाठवून द्या, १७ ला सकाळच्या एसटीत मीच बसवतो.’ आमंत्रणातच परतीची तारीख असली की ती कुणाला खुपत नाही. आठव्या दिवशी सांगितली की खुपते.

फळ्याच्या तळाच्या पट्ट्यात फोनच्या वेळा लिहा, कारण फोनमधल्या सोयी एकट्यानं लावल्या तर टिकत नाहीत. त्यांचा लेखाजोखा असा.

अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये अॅपला टायमर लावता येतो. वेळ संपली की अॅपचं चिन्ह करडं होतं आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा सुरू होतं. अडचण ही की तिथंच जाऊन टायमर वाढवता येतो, आणि चार दिवसांत बोटाला ती वाट पाठ होते. त्यापेक्षा फोकस मोड बरा. ठरावीक अॅप निवडून ठरावीक वारांना, ठरावीक वेळेत बंद ठेवता येतात आणि त्यांच्या सूचनाही तेवढा वेळ दिसत नाहीत. दुपारी दोन ते चार आणि रात्री दहानंतर, एवढंच लावा. दिवसभराचं लावलेलं तिसऱ्या दिवशी काढून टाकलं जातं. आयफोनवर याच कामाला स्क्रीन टाइम आणि फोकस आहेत.

डू नॉट डिस्टर्बमध्ये तारांकित नंबर आत येऊ देण्याची सोय आहे, आणि पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा केलेला कॉल वाजू देण्याचीही. दोन्ही चालू ठेवा, म्हणजे तातडीचं काही असेल तर अडत नाही. व्हॉट्सअॅपवरच्या कॉलला हेच लागू होईल असं धरू नका. घरच्यांना साधा कॉल करायला सांगून ठेवा. सगळ्यात जास्त फसगत होते ती सिलिंडरवाल्याची आणि कुरिअरची. ते अनोळखी नंबरवरून एकदाच फोन करतात आणि निघून जातात. डिलिव्हरीच्या दिवशी दुपारचा मोड बंद ठेवायचा, आणि तेही फळ्यावर त्या चौकोनात लिहायचं.

व्हॉट्सअॅपचे लग्नाचे ग्रुप सोडू नका, म्यूट करा. आठ तास, एक आठवडा किंवा कायमचं असे पर्याय आहेत. लग्न होईपर्यंत ‘कायमचं’ लावा आणि संग्रहात (अर्काइव्हमध्ये) टाका. सोडल्याची सूचना फक्त अॅडमिनला जाते हे खरं, पण ग्रुपच्या माहितीत मागच्या सदस्यांची यादी साठ दिवस दिसते. शिवाय भावकीच्या ग्रुपचे अॅडमिन बहुधा काकाच असतात. निळ्या खुणा बंद केल्या तरी ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत, म्हणून ‘बघितलंच नाही’ हे तिथं चालत नाही. नवीन ग्रुपांत कुणीही उचलून घालू नये यासाठी प्रायव्हसीमधल्या ग्रुप्सच्या जागी ‘माझे संपर्क, यांच्याशिवाय’ निवडा आणि उत्साही मंडळींची नावं त्यात टाका. त्यांना तुम्हाला निरोप पाठवूनच बोलवावं लागतं.

खरेदीला जाताना एवढं बघा. फळ्याबरोबर काळा, निळा आणि हिरवा मार्कर घ्या, लाल नको. मार्कर आडवे ठेवा. टोपण वर करून उभे ठेवले तर शाई खाली उतरते आणि टोक कोरडं पडतं. दुकानातच फळ्याच्या कोपऱ्यात दोन अक्षरं लिहून, पाच मिनिटं थांबून पुसून बघा. त्याच दिवशी सावली राहत असेल तर तो तुकडा घेऊ नका. फळाच नको असेल तर २२ बाय २८ इंची जाड कार्डशीट आणि शिसपेन्सिल चालते, फक्त चौकोन थोडे लहान करावे लागतात. आणि दर रविवारी पुसायच्या आधी फळ्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. एखाद्या पोरानं बाहीनं अर्धा आठवडा पुसला तरी मागचा रविवार हाताशी राहतो.